कायदेभंगाने काय साधते?

(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृहाच्या मागणीसाठी नागपूरचा रस्ता अडवावा, अशी सूचना आपल्या तरुणांनी मांडली आहे. असल्या लहानशा कायदेभंगाने खरोखर काही पालटते काय, हा प्रश्न वर्धेकरांना तरी नवा नाही.

१९२३ साली नागपुरात झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समध्ये नेण्यास सरकारने मनाई केली. हुकूम क्षुल्लक आणि तो मोडण्याचा अपराधही क्षुल्लक. परंतु आपल्या वर्ध्याचे जमनालालजी बजाज त्यापायी तुरुंगात गेले, विनोबाही गेले, आणि त्यांच्यामागून शेकडो लोक गेले. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्याने निघाली. तेवढ्याने स्वराज्य आले नाही, हे उघड आहे. मात्र तुरुंगाची लाज गेली. ज्या घरांत बेडी म्हणजे कुळाला बट्टा मानीत, तेथे पुढे तिचे कौतुक होऊ लागले. हा पालट मी लहान मानीत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापले व शिक्षा भोगली. तो १९२७ चा वनकायदा मात्र स्वराज्यातही कायम राहिला. वनहक्कांचा कायदा २००६ मध्ये झाला आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास सामूहिक हक्क मिळाला तो २००९ मध्ये! विळ्याने प्रश्न ऐरणीवर आणला. हक्काचा कागद हाती येण्यास ग्रामसभा, अर्ज आणि चिकाटी लागली.

तरुण मित्रांनो, त्या लोकांनी जो हुकूम जाचक होता तोच मोडला. वसतिगृहाशी रस्त्याचा संबंध काय? बाळंतपणासाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे निघालेल्या बाईने आपले वसतिगृह अडविलेले नाही. आणखी एक. १९४० मध्ये पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले ते आगाऊ कळवून, स्वतःच्या नावाने. पोलिसांची गाडी दिसताच गर्दीत मिसळून जाणे, याला सत्याग्रह कसे म्हणावे?

माझी सूचना अशी. प्रथम रीतसर अर्ज द्यावा व उत्तरासाठी मुदत ठरवावी. मुदत टळल्यास जिल्हाधिकारी कचेरीसमोर, मनाई असली तरी, बसावे. बसणाऱ्यांची नावे आधी कळवावीत. त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे. पेन्शनीचे काय होईल ते पुढे पाहू. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपताच चिटणिसांच्या स्वाधीन करतो.