रचणें आणि राखणें

संगणकांतील वाय-फायचें कार्ड स्वतः मुकें असतें. त्याच्याशीं बोलावयास एक दुभाषी आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. १९९१ मध्यें लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें आरंभिलेल्या लिनक्समध्यें या आज्ञावली सर्वांस वाचावयास खुल्या आहेत. परंतु ब्रॉडकॉम कंपनीनें आपल्या कार्डांची माहिती दिली नव्हती. तेव्हां स्वयंसेवकांनीं युक्ति योजिली. एका गटानें कंपनीची आज्ञावली उकलून केवळ वर्णन लिहिलें. दुसऱ्यानें मूळ न पाहतां त्या वर्णनावरून नवी रचिली. नकलेचा आळ येऊं नये, हा हेतु. २००६ मध्यें तो ड्रायव्हर लिनक्समध्यें दाखल झाला.

पण रचणें एकदांचें, राखणें नित्याचें. दर नऊदहा आठवड्यांनीं लिनक्सची नवी आवृत्ति निघते. आंतील एक सांधा बदलला, कीं त्यावर विसंबलेला प्रत्येक ड्रायव्हर दुरुस्त करावा लागतो. जुनें कार्ड कोणापाशींच उरलें नसेल, तर ती दुरुस्ती पडताळावी कशी? राखणारा न मिळाल्यास अखेर ड्रायव्हरच काढून टाकतात, आणि धडधाकट कार्ड पुनः मुकें होतें.

विहीर खणणाऱ्याचें नांव दगडावर कोरतात. गाळ उपसणाऱ्याचें कोणी विचारीत नाहीं. पाणी मात्र त्याच्यामुळेंच टिकतें.