ठेका देणारा पाय

आपल्या घरीं सकाळ-संध्याकाळ जीं चित्रपटगीतें ऐकूं येतात, त्यांत गाणाऱ्याचा आवाज आपण ओळखतों, सतार व बासरी ओळखतों, तबला तर ओळखतोंच. परंतु या सर्वांच्या खालीं, इमारतीच्या पायांतील दगडासारखा, एक जाड, गोल 'धम्' असा आवाज ठराविक अंतरानें येत असतो. त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तो आवाज मोठ्या ड्रमचा, म्हणजे वादक ज्यास बेस ड्रम म्हणतात त्याचा. तो हातानें वाजत नाहीं, पायानें वाजतो. आणि पाय व ड्रम यांच्यामध्यें जें लोखंडी यंत्र असतें, त्यास पेडल म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीसाठीं हें पेडल कसें निवडावें, एवढ्याच प्रश्नावर आज मी बोलणार आहें.

विषय क्षुल्लक वाटेल. एका सेवानिवृत्त शिक्षकानें, आणि तोहि वाशीम जिल्ह्यांतील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्यानें, या विषयावर कां बोलावें अशी शंकाहि येईल. त्याचें उत्तर असें, कीं शाळेच्या बँडपथकाचें काम बरींच वर्षें माझ्याकडे होतें, त्यामुळें मोठ्या ड्रमशीं माझी ओळख जुनी आहे. शिवाय आमचा तालुका नगाऱ्याचा. बंजारा समाजाचें पूज्य क्षेत्र पोहरादेवी आमच्याच तालुक्यांत आहे. तेथें ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें जें बंजारा विरासत संग्रहालय उघडलें, त्यास लोक नंगारा म्युझियम म्हणूनच ओळखतात. रामनवमीच्या यात्रेच्या निमित्तानें नवीं गाणीं मुद्रित करून घेण्याची आतां तरुण मंडळींस मोठी हौस आहे, आणि त्याच भरंवशावर माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें मानोऱ्यांत दोन खोल्यांचें ध्वनिमुद्रणगृह थाटलें. कर्ज काढून त्यानें बाकीचें सामान आणलें आणि पेडलपाशीं येऊन तो अडला. दुकानदार म्हणे, दोन्ही पायांनीं वाजवावयाचें दुहेरी पेडल घ्या. मित्र म्हणत, ड्रम हवाच कशाला, ठोका संगणकांतून काढा. तो माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगाल तें घेतों." शिष्यानें एवढा भार टाकल्यावर नीट चौकशी करणें भाग पडलें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत येते ती ही, कीं आमच्या संगीतानें पायास बहुतेक विश्रांतीच दिलेली आहे. गवई मांडी घालून बसतो, तबलजी मांडी घालून बसतो. विलायतेहून आलेली पेटी मूळची पायानें भाता हालविण्याची. परंतु १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं तिचा भाता हातापाशीं आणला, आणि मग पेटीवालाहि मांडी घालून बसला. पायपेटी राहिली ती संगीत नाटकांच्या रंगभूमीपुढें. एरवीं पाय राबतो तो नर्तकीचा, मागावर बसलेल्या कोष्ट्याचा, आणि घरोघरीं शिवणयंत्राच्या फळीवर गृहिणीचा.

शिवणयंत्राची आठवण मीं मुद्दाम केली. ज्यांनीं पेडल पाहिलें नाहीं त्यांनीं तीच फळी डोळ्यांपुढें आणावी. टांचेपाशीं बिजागरी, पुढचें टोंक अधांतरीं. त्या टोंकापासून एक साखळी, पट्टा किंवा ताठ दांडी वर जाते व एका आडव्या आंसास फिरविते. आंसावर एक काडी उभी, आणि काडीच्या डोक्यावर मोगरी. तिलाच वादक बीटर म्हणतात. पाय दाबला कीं मोगरी ड्रमच्या पडद्यावर आदळते, पाय सैल सोडला कीं बाजूची स्प्रिंग तिला मागें ओढते. एवढेंच यंत्र.

अमेरिकेंतील नाट्यगृहांत पूर्वीं एकच वादक लहान व मोठा असे दोन ड्रम शेजारीं ठेवून दोन्ही हातांनींच वाजवीत असे. जागा थोडी, पगार थोडा, तेव्हां एकानेंच दोघांचें काम करावें ही मालकांची इच्छा. पेडलचा जन्म या काटकसरींत आहे. आरंभींचीं पेडलें बोजड होतीं, आणि रॅगटाइम नांवाच्या त्या वेळच्या भरधांव संगीताबरोबर त्यांस धांवतां येईना. शिकागोचे विल्यम लुडविग हे स्वतः वादक. त्यांनीं लहान व चपळ असें पेडल तयार केलें आणि १९०९ सालीं आपले बंधु थिओबाल्ड यांच्यासह कारखाना काढला. आज बाजारांत मिळणाऱ्या पेडलांची घडण थोड्याफार फरकानें तीच आहे.

मुंबईस हा ड्रमसंच रुळला तो मोठ्या हॉटेलांतील नृत्यसंगीताबरोबर. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचें अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचें पथक ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होतें. अशा पथकांच्या सहवासांत गोव्याचे व मुंबईचे कित्येक वादक तयार झाले, आणि तेच पुढें चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत आले. पुणतांब्याचे आपले सी. रामचंद्र यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाचें संगीत या दृष्टीनें पुन्हां एकदां ऐकावें. गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांची त्यांत साथ आहे. पारशी लॉर्ड घराण्यांत तर कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी अशा दोन पिढ्यांनीं चित्रपटसंगीतांत तालवाद्यें वाजविलीं. त्या काळीं गायक आणि सारा वादकवर्ग एकाच दालनांत, एकाच वेळीं गाणें मुद्रित करीत असे. एकाचें चुकलें तर सर्वांनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावयाचा. अशा दालनांत ज्याचें पेडल ऐन वेळीं कुरकुरलें, त्या वादकाकडे किती डोळे वळले असतील याची कल्पनाच करावी!

माझ्या मतें ध्वनिमुद्रणासाठीं पेडल घेतांना पहिली कसोटी हीच. ड्रमनें बोलावें, पेडलनें बोलूं नये. व्यासपीठावर पेडलची कुरकुर गर्दींत बुडून जाते. ध्वनिमुद्रणांत मात्र मायक्रोफोन ड्रमच्या तोंडाशीं, कित्येकदां त्याच्या पोटांतच ठेवलेला असतो. पुढें मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलण्याची जी क्रिया यंत्रावर करतात, तिनें तर दोन ठोक्यांमधील बारीक किरकिरहि वर येते. याचें जगप्रसिद्ध उदाहरण आहे. लेड झेपेलिन या इंग्रज पथकाचे जॉन बॉनहॅम हे लुडविगचेंच 'स्पीड किंग' पेडल वापरीत. १९३७ पासूनचें हें नामांकित पेडल. त्याच्या स्प्रिंगा दोन्ही खांबांच्या पोटांत दडविलेल्या. या पथकाच्या १९७० सालच्या तिसऱ्या अल्बममधील एका संथ गीतांत त्या पेडलची कुरकुर आजहि स्पष्ट ऐकूं येते. रसिकांना ती प्रिय झाली आहे हें खरें; पण तें प्रेम बॉनहॅमच्या पायास मिळालेलें आहे. आमच्याकडील एखाद्या भजनी मंडळाच्या मुद्रणांत ती आली तर मंडळाचे अध्यक्ष पैसे परत मागतील.

म्हणून दुकानांत गेल्यावर पेडल लगेच ड्रमला लावूं नये. तें टेबलावर ठेवावें, दुकानदारास पंखा बंद करावयास सांगावें, आणि फळी हातानें अगदीं सावकाश दाबीत कान जवळ न्यावा. जोरानें दाबल्यास कुरकुर लपते. सावकाश दाबल्यास ती उघडी पडते. नंतर फळी डावी-उजवीकडे हालवून पहावी. बिजागरी आजच खिळखिळी असेल तर सहा महिन्यांनीं ती खडखडणार हें ठरलेलें. मग मोगरी मागें ओढून सोडून द्यावी आणि लंबकाच्या घड्याळाप्रमाणें तिचे झोके मोजावे. बराच वेळ झुलत राहिली तर आंस मोकळा आहे. दोन-चार झोक्यांत थबकली तर आंत घर्षण आहे, आणि जेथें घर्षण तेथें आज ना उद्यां आवाज.

साखळी बरी, पट्टा बरा कीं ताठ दांडी बरी, यावर वादकांत पंथ आहेत, आणि पंथांच्या वादांत मी पडत नाहीं. ताठ दांडी पायास तत्काळ उत्तर देते, पट्टा मऊ व मुका असतो, साखळी दणकट असते पण निगा न राखल्यास किणकिणते; इतकें जाणून घेतलें म्हणजे पुरे. त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. स्वतःसाठीं पेडल घेणारा वादक आपल्या एका पायाचें माप घेतो. ध्वनिमुद्रणगृह ही धर्मशाळा. आज तेथें टांच टेकून वाजविणारा येईल, उद्यां टांच उचलून साऱ्या मांडीचें वजन टाकणारा येईल. तेव्हां स्प्रिंगचा ताण, मोगरीची उंची आणि तिचा मागें झुकण्याचा कोन हीं तिन्ही स्वतंत्रपणें बदलतां आलीं पाहिजेत, आणि तींहि एका लहानशा किल्लीनें, पांच मिनिटांत. डीडब्ल्यूचें '५०००', टामाचें 'आयर्न कोब्रा', तसेंच यामाहा व पर्ल यांचीं पेडलें वादकांत मान्यता पावलेलीं आहेत. त्यांत फार महागाच्या मागें लागण्याचें कारण मला दिसलें नाहीं. उंची बनावटीचें दुहेरी पेडल घ्यावें तर बऱ्या दुभत्या म्हशीची किंमत मोजावी लागते, आणि ज्या संगीतास त्याची खरी गरज असते तें मानोऱ्यांत वर्षांतून एकदां तरी मुद्रित होईल कीं नाहीं याची शंकाच आहे.

आतां मोगरीकडे वळूं, कारण खरा स्वर तेथें ठरतो. तबला जाणणाऱ्यांस हें सहज समजेल. डग्ग्यावर 'घे' वाजवितांना बोटें आघात करून लगेच उठतात आणि पुडी गुंजत राहते. 'क' वाजवितांना पंजा तसाच दाबून धरतात आणि आवाज तेथेंच मिटतो. मोगरीचेंहि तसेंच आहे. ठोका देऊन ती परतली तर ड्रम खुला बोलतो. पायानें ती पडद्यावर रोवून धरली तर आवाज आखूड, बंद होतो. दोन्ही बोल हवे असतात. म्हणून स्प्रिंग इतकी सजीव असावी, कीं पाय सैल सोडतांच मोगरी आपण होऊन परत यावी. पण इतकी ताठहि नसावी, कीं हळू वाजविणाऱ्याची पोटरी दुखावी. पखवाजाच्या धुम्यास कणीक लावून जसा त्याचा स्वर खालीं आणतात व गुंजन आवरतात, तसेंच काहींसें ध्वनिमुद्रणांत मोठ्या ड्रमच्या पोटांत उशी किंवा घोंगडी ठेवून गुंजन आवरतात. युक्ति निराळ्या देशांतील, पण कानाची मागणी एकच.

मोगरी नमद्याची असली तर आवाज गोल व मऊ निघतो. लांकडाची किंवा प्लॅस्टिकची असली तर आघातास 'टक्' अशी धार येते. मला स्वतःला नमद्याचा आवाज आवडतो. परंतु आमच्या भागांतील गाणें पुष्कळ लोक ऐकतात तें मोबाइलच्या लहानशा ध्वनिक्षेपकावर, आणि त्या इवल्या पडद्यांतून खर्जाचे सूर बाहेर येऊंच शकत नाहींत. ड्रमचा 'धम्' तेथें विरून जातो. श्रोत्यास ठोका कळतो तो केवळ त्या 'टक्'मुळें. म्हणजे नाचाच्या गाण्यास कठीण मोगरी आणि भावगीतास मऊ, असा विवेक करावा लागतो. सुदैवानें एका बाजूस नमदा व दुसऱ्या बाजूस प्लॅस्टिक अशी दुतोंडी मोगरी मिळते. ती फिरवावयाची, कीं काम झालें.

राहतां राहिला मित्रांचा प्रश्न, कीं संगणक असतांना हा सारा खटाटोप कशाला? ज्यास दोन तासांत आणि थोड्या पैशांत गाणें हवें आहे, त्यास संगणकाचा ठोका खुशाल द्यावा. त्यांत पाप नाहीं. परंतु तांड्यावरील वयस्क स्त्री जेव्हां आपलें पारंपरिक गाणें म्हणते, तेव्हां ती घड्याळाप्रमाणें म्हणत नाहीं. श्वास घेण्यासाठीं ती थांबते, एखादी ओळ तिला प्रिय असते ती लांबविते, आणि नगारा वाजविणारा तिच्या तोंडाकडे पाहून हात आखडता घेतो. पाय हें करूं शकतो, कारण त्या पायाच्या वर दोन कान असतात. संगणकास आधीं आंखून दिलेल्या चौकटींत त्या बाईंनाच बसावें लागतें. तसें बसविलेलें गाणें मीं ऐकलें आहे, आणि तें तिचें राहिलेलें नव्हतें. दुसरें असें, कीं आमच्या तालुक्यांत लग्नसराईंत बँड वाजविणारीं मुलें पुष्कळ आहेत. वैशाख-ज्येष्ठ सरला कीं त्यांचे हात रिकामे. गांवांत एक चांगला ड्रम व एक चांगलें पेडल असेल तर त्यांतील दोघां-चौघांस पावसाळ्यांतहि चार पैसे मिळतील. कर्जाच्या हिशेबांत ही बाब मांडतां येत नाहीं, तरी मीं ती त्या मुलापुढें मांडली.

त्यानें शेवटीं मध्यम किंमतीचें, एकेरी, साखळीचें पेडल घेतलें, सोबत दुतोंडी मोगरी घेतली, आणि दुहेरी पेडलवर जाणारा पैसा जमिनीवर जाड सतरंजी घालण्यांत व भिंतींस आवाज शोषणारे गाद्यांचे तक्ते लावण्यांत खर्च केला. सतरंजीचें महत्त्व नवख्यास वाटत नाहीं. गुळगुळीत फरशीवर उत्तम पेडलहि प्रत्येक ठोक्यास बोटभर पुढें सरकतें, आणि वादकाचें निम्में लक्ष तें मागें ओढण्यांत जातें. मोगरी जेथें आदळते तेथें ड्रमच्या पडद्यास लहानशी चकती चिकटवावी, म्हणजे पडदा लवकर फाटत नाहीं. साखळी, बिजागरी व आंस यांस दर पंधरा दिवसांनीं तेलाचे दोन थेंब द्यावे आणि वर आलेलें तेल फडक्यानें पुसून घ्यावें, नाहींतर त्यावर धूळ बसते. आमच्याकडील उन्हाळ्यांत तर फारच. त्यासाठीं निराळें तेल आणावें लागत नाहीं. शिवणयंत्राची कुपी चालते.