‘नो मॅन्स लँड’ : बेवारशी म्हणविलेली भूमि

युद्धाच्या बातम्यांत ‘नो मॅन्स लँड’ हा शब्दप्रयोग श्रोत्यांच्या कानांवर अनेकदां आला असेल. दोन सैन्यांच्या खंदकांमधील जमीन, असा त्याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. मराठींत कोणी त्यासाठीं ‘निर्मनुष्य भूमि’ असें म्हणतात. पण तें भाषांतर सदोष आहे. मूळ शब्दांत माणसांचा अभाव सांगितलेला नाहीं, मालकाचा सांगितला आहे. आपला ‘बेवारशी’ हा शब्द त्याला अधिक जवळचा.

मुळांत तो युद्धांतला शब्दच नव्हे. इंग्लंडमध्यें १०८६ सालीं जमिनींची जी मोजदाद झाली, तिच्या दप्तरांत तो सांपडतो. चौदाव्या शतकांत लंडनच्या तटाबाहेरील एका जागेला हेंच नांव होतें. तेथें गुन्हेगारांना देहान्त शिक्षा देत. १९१४ च्या महायुद्धानें त्याला खंदकांत नेलें.

पण ज्या जमिनीला हें नांव पडलें, ती खरोखरीच कोणाची नव्हती काय? फ्रान्समधील व्हर्दूनजवळ फ्लरी नांवाचें सुमारें चारशें वस्तीचें खेडें होतें. १९१६ च्या उन्हाळ्यांत तें सोळा वेळां एका सैन्याच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेलें आणि भुईसपाट झालें. न फुटलेल्या तोफगोळ्यांमुळें व विषारी द्रव्यांमुळें तेथें पुन्हां वस्ती होऊं शकली नाहीं; सरकारनें झाडें लावलीं. मात्र गांवाचें नांव दप्तरांतून काढलें नाहीं. रहिवासी एकही नसतां, आजही सरपंच म्हणावा असा एक अधिकारी फ्लरीसाठीं नेमला जातो. रानांतल्या पायवाटांवर, येथें पाववाला होता, येथें शाळा होती, अशा खुणा रोवलेल्या आहेत.

आपल्याकडे हा शब्द फार सैलपणें वापरतात. सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आंत संरक्षणाचीं बांधकामें करूं नयेत, असें भारत व बांगलादेश यांच्यांत १९७५ सालीं ठरलें. त्यामुळें पुढें भारतानें कुंपण घातलें तें बव्हंशीं रेषेपासून मागें सरून. आणि पश्चिम बंगालमधील कित्येकांचीं शेतें, कोठें कोठें घरेंही, तारेपलीकडे राहिलीं. या पट्ट्यालाही वर्तमानपत्रें ‘नो मॅन्स लँड’ म्हणून मोकळीं होतात. वास्तविक ती भूमि सर्वस्वीं भारताची. तेथील शेतांना मालक आहेत. ते सकाळीं फाटकावर ओळखपत्र दाखवून पलीकडे जातात, आणि फाटक बंद होण्यापूर्वीं परत येतात.