इंजिनाचा ताप

मंडळी, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सगळ्याच गाड्या काही डांबरी सडकेने जात नाहीत. फडातून उसाची भरली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर घ्या, की घाटघर-रतनवाडीकडे चिखलातून चढणारी जीप घ्या. इंजिन पुरा जोर लावते, पण गाडी गोगलगायीच्या चालीने सरकते. समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. त्यातच रेडिएटरच्या जाळीत पाचट नि चिखल बसला, म्हणजे ताप चढलाच. ऐन हंगामात इंजिन बसले, तर दुरुस्तीचा खर्च एकीकडे आणि तोडणीच्या टोळीचा खाडा दुसरीकडे!

तुम्ही म्हणाल, समोर काटा आहे की! आहे, पण त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो काटा खरे बोलतो. नळी फुटून पाणी वाहून गेले, की सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन करपत असताना काटा उलट खाली येऊ शकतो. चालक बिचारा निर्धास्त!

दुसरी गोम झाकणाची. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच. येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे चांगले झाकण दाब धरते, म्हणून आतले पाणी ११० अंशांनाही उकळत नाही. झाकणाचे रबर गेले, की काटा तांबड्या खुणेला शिवण्यापूर्वीच पाणी उकळून बाहेर. तेव्हा आधी झाकण पाहा. ते काही महाग नसते.

मग पाण्याऐवजी इंजिनाच्या धातूलाच विचारावे, हे मला अधिक पसंत आहे. नगरच्या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांची पारख मोठमोठ्या यंत्रांनी होते. आपले काम काहीशे रुपयांत भागते. वायसरसारखी कडी असलेला सेन्सर, आकडे दाखवणारी छोटी डबी आणि एक भोंगा, एवढेच सामान. कडी हेडवरच्या एखाद्या ब्रॅकेटच्या बोल्टाखाली बसवा. हेड आवळणाऱ्या बोल्टांना मात्र हात लावू नका. तार धुराड्याच्या नळापासून दूर न्या, आणि वीज घेताना फ्यूज घाला. पहिले आठ दिवस भोंगा जोडू नका; भरल्या ओझ्याने चढताना आकडा कोठवर जातो, एवढेच टिपून ठेवा. त्याच्यावर दहा अंशांवर भोंगा लावा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. शेजाऱ्याचा उसना घेऊ नये.

भोंगा वाजला आणि काटाही वर असेल, तर ओझे सोडून इंजिन थोडा वेळ हळू फिरू द्या, म्हणजे पंखा नि पाणी फिरत राहते. भोंगा वाजतो आहे पण काटा खाली आला आहे, असे दिसले तर पाणी गेले समजा आणि इंजिन तत्काळ बंद करा. झाकण पुरते निवाल्याशिवाय उघडू नका. उकळते पाणी तोंडावर येते. आणि तापल्या कोरड्या इंजिनात विहिरीचे गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जाईल.