हास्य आणि सोबत

मार्च १९९५ मध्ये मुंबईतील एका उद्यानात डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांचे प्रभातकालीन हास्यमंडळ आरंभिले. प्रारंभी विनोद सांगून हसण्याचा प्रघात होता. परंतु थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. बोचरे विनोद येऊ लागले व सभासद दुखावले. तेव्हा विनोद वर्ज्य करून, एकमेकांकडे पाहत, व्यायाम म्हणून हसण्याचे ठरले. मंडळ टिकले, पुढे अशी मंडळे अनेक देशांत निघाली.

शाळेच्या कवायतीतही एखाद्याचे पाऊल चुकते आणि रांग हसते. त्या हसण्याने मूल एकटे पडत असेल, तर शिक्षकाने ते तत्काळ ओळखावे. चुकणाऱ्यास नावे न ठेवता सर्व रांगेकडून ती कृती पुन्हा हसतखेळत करवून घ्यावी.