डाव्या अलिंदाचा कोपरा

गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या माझ्या डॉक्टरमित्रांनो,

अध्यक्षीय भाषणात सबंध वैद्यकशास्त्राचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती मोडून मी आज अंगठ्याएवढ्या एका पिशवीविषयी बोलणार आहे.

डाव्या अलिंदाच्या कडेला, फुप्फुसधमनीच्या बुंध्याला खेटून ही पिशवी असते. आपण तिला लेफ्ट एट्रियल अपेंडेज म्हणतो. गर्भातल्या मूळ अलिंदाचा हा उरलेला भाग. बाकीचं अलिंद पुढे मुख्यतः फुप्फुसशिरांच्या भिंतीतून घडतं, म्हणून आतून गुळगुळीत. ही पिशवी मात्र कंगव्याच्या दात्यांसारख्या स्नायूंनी खडबडीत, बहुधा एकाहून जास्त कप्प्यांची. अलिंद नेमाने आकुंचन पावतं तोवर ती दर ठोक्याला रिकामी होते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे एएफमध्ये, अलिंद नुसतं थरथरतं. आत शिरलेल्या रक्ताला बाहेर ढकलायला जोरच उरत नाही. अन्ननलिकेतून इको केला तर पडद्यावर तिथे धूर घोळताना दिसतो. रक्ताचा वेग सेकंदाला 20 सेंटिमीटरच्या खाली गेला की गुठळीची शंका बळावते. ती सुटली तर थेट मेंदूत जाऊन अडकू शकते, आणि घरच्यांना कळतं ते आजोबांच्या हातून चहाचा कप निसटतो तेव्हा.

2012 साली एएफच्या 932 रुग्णांचे सीटी आणि एमआरआय पाहून या पिशवीचे चार आकार सांगितले गेले: कोंबडीचा पंख, निवडुंग, विमानतळावरची वाऱ्याची पिशवी आणि फुलकोबी. (नावं ठेवणाऱ्यांना भूक लागली असावी.) पंखाचा आकार असलेल्यांत पूर्वी स्ट्रोक होऊन गेल्याचं प्रमाण सर्वांत कमी आढळलं. तेव्हापासून स्कॅनच्या रिपोर्टात आकार लिहायची फॅशन आली. माझं मत विचाराल तर त्यावर फार विसंबू नये. तो अभ्यास होऊन गेलेल्या स्ट्रोकचा होता, आणि एकाच पिशवीला दोन तज्ज्ञ दोन नावं देतात हे पुढे वारंवार दिसलं. आपण वापरतो त्या जोखमीच्या गुणपत्रकात वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार आणि आधीचा स्ट्रोक आहे. पिशवीच्या आकाराला तिथे रकाना नाही. पंचाहत्तरीच्या, रक्तदाब असलेल्या बाईंना ‘तुमचा पंख आहे, काळजी नको’ असं सांगून रक्त पातळ करणारी गोळी टाळणं हा अपराध आहे.

पण शरीररचनेतला एक प्रश्न आपल्याकडे खरोखर निर्णय बदलतो: मायट्रल झडप कशी आहे? 1996 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा ऱ्हुमॅटिक झडपविकार नसलेल्या रुग्णांत अलिंदातल्या 91 टक्के गुठळ्या या पिशवीत सापडल्या होत्या. ऱ्हुमॅटिक रुग्णांत 57 टक्केच. बाकीच्या अलिंदाच्या मोठ्या पोकळीत. म्हणजे पिशवीचं तोंड बंद करणारं महागडं उपकरण अरुंद मायट्रल झडपेच्या रुग्णाला पुरेसं नाही. फ्रॅमिंगहॅमच्या 1978 च्या अभ्यासात झडप चांगली असताना एएफमुळे स्ट्रोकचा धोका पाचपटीहून अधिक वाढलेला दिसला, ऱ्हुमॅटिक विकारासोबत सतरापट. पाश्चात्त्य पुस्तकांत ही झडप आता तळटीपेत गेली आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात ती अजून रांगेत उभी आहे, बरेचदा तिशी-चाळिशीतल्या बाईच्या रूपाने.

तिला नवी, तपासणीची कटकट नसलेली गोळी द्यावी असं कुणालाही वाटेल. 2022 च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीने, जिच्या प्रमुख संशोधकांत दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन होते, साडेचार हजारांवर ऱ्हुमॅटिक रुग्णांत उलटं दाखवलं: रिव्हॅरोक्सॅबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जातीच्या जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. तेव्हा अशा रुग्णाला जुनीच गोळी, आयएनआर 2 ते 3 च्या मध्ये, आणि पालेभाजी बंद न करता रोज साधारण सारखी खायचा सल्ला.

झडप चांगली असलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे आपलं पाप अ‍ॅस्पिरिनचं आहे. ‘वय झालंय, रक्तस्राव होईल’ म्हणून आपण 75 मिलिग्रॅम लिहितो आणि निर्धास्त होतो. 2011 च्या ‘अ‍ॅव्हेरोज’ चाचणीत वॉरफरिन देता न येणाऱ्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिनवर वर्षाला 3.7 टक्क्यांना स्ट्रोक किंवा शरीरात अन्यत्र गुठळी झाली, अपिक्साबॅन या नव्या गोळीवर 1.6 टक्क्यांना, मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखा.

शल्यचिकित्सक मित्रांसाठी एकच गोष्ट. ‘लाओस-3’ या 2021 च्या चाचणीत एएफच्या 4,811 रुग्णांचा समावेश होता. इतर कारणाने हृदयाची शस्त्रक्रिया होताना ज्यांची पिशवी बंद केली, त्यांच्यात स्ट्रोक वा अन्यत्र गुठळीचं प्रमाण 7 वरून 4.8 टक्क्यांवर आलं. त्यातल्या बहुतेकांची रक्त पातळ करणारी गोळी चालूच होती. टाके घातले म्हणून गोळी थांबवू नका.

हे सगळं एएफ सापडल्यावरचं. पण डिजिटल यंत्र आल्यापासून बीपी घेताना डॉक्टरचं बोट मनगटाला लागत नाही. यंत्र आकडा देतं. अनियमित नाडीची खूण काही यंत्रं दाखवतात, आपण पाहत नाही. पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी अर्धा मिनिट हाताने पाहा, वेडीवाकडी लागली तर त्याच दिवशी ईसीजी काढा आणि झडपेसाठी इको सांगा. आणि दवाखान्यात परतल्यावर जुने केसपेपर चाळा. एएफच्या निदानाखाली नुसतं अ‍ॅस्पिरिन लिहिलेलं दिसलं, तर त्या रुग्णाला या आठवड्यातच फोन करून बोलावून घ्या.