विजया आणि अभ्यंग

काशीच्या घाटांवर मालीशवाला तेलाची बाटली घेऊन बसलेला असतो, आणि गल्लीत वळले की सरकारी परवान्याचे भांगेचे दुकान लागते. ही दोन सुखे एकत्र घेतली तर देह दुप्पट सैलावेल, असा मोह अनेकांना पडतो. श्रोतेहो, त्या मोहाचा आज थोडा विचार करू.

आपल्या वैद्यकाला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. अभ्यंग नित्य करावा, असे सांगणाऱ्या वाग्भटानेच अजीर्ण झालेल्यास तो वर्ज्य ठरविला. शार्ङ्गधराने भांगेची गणना व्यवायी द्रव्यांत केली. म्हणजे पचण्यापूर्वीच सर्व देह व्यापणाऱ्या द्रव्यांत. गुणाबरोबर मर्यादा सांगावी, ही त्या शास्त्राची रीत.

कायद्याचीही रीत तीच. १८९३ साली नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन मत दिले की, माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर कडक निर्बंध घातले; फुलोऱ्याविना असलेली पाने मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळली. त्यामुळे भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले. काशीत जी परवान्याने विकली जाते, तीच महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते.

परंतु खरा प्रश्न देहाचा आहे. मर्दन हा दोन माणसांमधला संवाद होय. दुखऱ्या जागी अंगठा पोचला की आपले अंग आखडते, तोंडून हुंकार निघतो, आणि मर्दन करणारा हात हलका करतो. भांगेने ही जाणीव बोथट होते. मुरगळलेल्या सांध्यावर जोर पडत असताना माणूस स्वस्थ पडून राहतो. पोटात घेतलेली भांग चढावयास अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. शुद्धीत आडवा झालेला माणूस मालीश चालू असतानाच अंमलाखाली जातो. नंतर एकदम उठावे, तर रक्तदाब उतरून भोवळ येते. आणि घाटाच्या पायऱ्या तर ओल्या असतात.

मालीश करणाराच अंमलाखाली असेल, तर ऐकणारा हातही बहिरा होतो. म्हणून ही दोन सुखे वेगवेगळी ठेवावीत. दुसऱ्याच्या हाती देह सोपविताना ‘पुरे’ म्हणण्याची शक्ती आपल्यापाशी असावी. विसाव्याचा विश्वास तिच्यावरच उभा असतो.